संमतीच्या अर्जातली मुलीची कलमे

घटस्फोटाचा विषय निघाला की कायदा घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असतो. पाच वर्षांपर्यंत मूल आईचे आणि पुढे बापाचे; मुलगी आईकडे, मुलगा वडिलांकडे; नोकरी नसलेल्या बाईला ताबा मिळत नाही; जी स्वतःहून घराबाहेर पडली तिने हक्क गमावला. माझी धाकटी बहीण मुलीला घेऊन माहेरी आली, त्यानंतरच्या आठवड्यांत तिने ही विधाने इतक्या जणांकडून आणि इतक्या ठामपणे ऐकली की तिची झोप उडाली. यांतले एकही विधान त्या स्वरूपात कायद्यात लिहिलेले नाही, हे आम्हाला पुण्यातल्या, आयुष्यभर कौटुंबिक न्यायालयात काम केलेल्या एका ज्येष्ठ वकीलबाईंनी समजावून सांगितले. त्यांच्याकडे बहिणीसोबत बसून जे शिकले ते बहीण आणि तिचा त्या वेळचा नवरा या दोघांच्या परवानगीने लिहीत आहे, कारण अशी भीती घेऊन झोपणाऱ्या पुष्कळ जणी आणि पुष्कळ जण आपल्या आसपास आहेत.

वकीलबाईंनी पहिल्या भेटीत भांडणाचे कारण विचारलेच नाही. "आधी मुलीबद्दल सांगा, तुमच्याबद्दल नंतर बोलू," असे म्हणून त्यांनी वही उघडली. मुलगी सहा वर्षांची, पहिलीत. शाळेची व्हॅन किती वाजता येते, डबा कोण भरते, पालकसभेला कोण जाते, ताप आला की ती कोणाच्या कुशीत झोपते, लसीकरणाचे कार्ड कोणाच्या कपाटात आहे, आजी-आजोबांपैकी कोणाचा लळा अधिक आहे, असे प्रश्न त्या शांतपणे विचारत गेल्या. संध्याकाळची आंघोळ आणि रात्रीची गोष्ट ही पहिल्यापासून बाबाची कामे आहेत, हे सांगताना बहिणीचा आवाज खाली आला. आपणच आपली बाजू लंगडी करतो आहोत असे तिला वाटले असावे. वकीलबाईंनी तेही लिहून घेतले आणि म्हणाल्या, "हे खरं असेल तर अर्जात आलं पाहिजे. न्यायाधीश हेच शोधत असतात."

पाच वर्षांची गोष्ट येते ती हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ याच्या सहाव्या कलमातून. पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, एवढेच ते कलम म्हणते. पाचव्या वाढदिवसाला मूल वडिलांच्या हवाली करावे असे ते कुठेही म्हणत नाही. मात्र त्याच कलमात नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि त्यांच्यानंतर आई असा क्रम लावलेला आहे, आणि लोकांच्या मनात या दोन गोष्टींची सरमिसळ होते. पालकत्व आणि ताबा या वेगळ्या बाबी आहेत. मुलाच्या वतीने सही करणे आणि त्याची मालमत्ता सांभाळणे पालकत्वात येते. मूल रोज कोणाच्या घरी राहते तो ताबा. आणि ज्याच्याकडे ताबा नाही त्याने मुलाला भेटणे, सुट्टीत घरी नेणे, ज्याला न्यायालयात सगळे ॲक्सेस म्हणतात, तो तिसरा भाग. गीता हरिहरन यांना अल्पवयीन मुलाच्या नावाने रोखे घेताना रिझर्व्ह बँकेने वडिलांची सही मागितली, तेव्हा त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. वडील हयात असले तरी ते मुलाचा सांभाळ करत नसतील तर आईच नैसर्गिक पालक ठरू शकते, असा अर्थ न्यायालयाने १९९९ साली त्या प्रकरणात लावला. निकाल मोलाचा आहे, पण कलमाची शब्दरचना अजून तीच आहे. विधी आयोगाने २०१५ सालच्या आपल्या २५७ व्या अहवालात आई आणि वडील यांना समान स्थान द्यावे आणि संयुक्त ताब्याची तरतूद करावी अशी शिफारस केली होती. ती कायद्यात उतरली नाही याची मला मनापासून खंत वाटते, कारण कायद्याच्या पुस्तकात बापानंतर आई असे छापलेले आहे तोवर त्याच क्रमाने बोलणारे नातेवाईक घराघरांत राहणार.

न्यायालये मात्र या क्रमाच्या कितीतरी पुढे गेली आहेत, आणि आजची नाहीत. स्वातंत्र्यापूर्वी मुंबई उच्च न्यायालयात सरस्वतीबाई वेद आणि श्रीपाद वेद यांच्यातल्या प्रकरणात सरन्यायाधीश ब्यूमाँट यांनी म्हटले होते की इथे बापाचे हित पाहायचे नाही आणि आईचेही नाही. पाहायचे ते फक्त मुलाचे. १९५६ च्या कायद्याचे तेरावे कलम हेच सांगते, आणि सर्व धर्मांच्या लोकांना लागू असलेला १८९० चा पालक व पाल्य अधिनियमही शेवटी याच मुद्द्यावर येतो. १९७३ साली रोझी जेकब यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुले म्हणजे आईबापांची मालमत्ता किंवा खेळणी नव्हेत असे बजावले. हित म्हणजे पैसाही नव्हे. ज्याचा पगार मोठा त्याला ताबा, असे समीकरण नाही. कमाई कमी असलेल्या पालकाकडे मूल राहिले तर दुसऱ्याने पोटगी द्यायची, हाच त्यावरचा उपाय आहे. हे ऐकल्यावर बहिणीच्या चेहऱ्यावरचा ताण प्रथमच थोडा सैल झालेला मी पाहिला, कारण मुलीच्या जन्मानंतर तिने बँकेतली नोकरी सोडली होती.

आमच्या एका काकांचा सल्ला असा की आधी पोलिसांत तक्रार टाका, म्हणजे समोरचा वाकतो. मी तो वकीलबाईंच्या कानावर घातला, तेव्हा त्यांनी मला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितले आणि बहिणीशी एकटीशी बोलल्या. मारहाण, धमकी, पैशांची मागणी, जबरदस्ती यांबद्दल नातेवाइकांसमोर विचारले तर बायका हो म्हणत नाहीत आणि कधीकधी नाहीही म्हणत नाहीत, असे त्यांनी मला नंतर सांगितले. असे काही घडले असते तर पुढची सगळी चर्चा वेगळी झाली असती. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षणाचा आदेश, राहत्या घराचा हक्क आणि मुलीचा तात्पुरता ताबा एकाच अर्जात मागता येतो, आणि अशा बाईला वकीलबाई समझोत्याच्या टेबलाशी घाईने बसवत नाहीत. पण जे घडले नाही ते लिहायचे नाही, यावर त्या ठाम होत्या. खोट्या तक्रारीची पहिली झळ मुलीलाच बसते, कारण त्यानंतर आईबाप एकमेकांशी बोलण्याच्या स्थितीत राहत नाहीत.

बहिणीच्या संसारात हिंसा नव्हती. दोन समंजस माणसे एकमेकांपासून इतकी दूर गेली होती की एका घरात त्यांचा जीव गुदमरू लागला होता. एवढ्या कारणावर आपल्याकडे घटस्फोट मागता येत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमातल्या तेराव्या कलमात क्रूरता, व्यभिचार, किमान दोन वर्षांचा परित्याग, धर्मांतर, गंभीर मानसिक आजार अशी कारणे आहेत. लग्न पूर्णपणे मोडून पडले आहे, हे कारण त्यांत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०२३ मध्ये आपण राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ मधल्या विशेष अधिकाराखाली अशा लग्नाचा शेवट करू शकतो असे म्हटले, पण तो अधिकार त्या न्यायालयापुरता आहे, पुण्यातल्या कौटुंबिक न्यायालयाला नाही. म्हणजे वाट दोनच. एक, क्रूरतेचा आरोप करून दावा लावायचा, समोरच्याची कैफियत येऊ द्यायची, पुरावा आणि उलटतपासणी आणि तारखा यांत वर्षे घालवायची, आणि ज्या माणसाशी मुलीच्या तापाबद्दल फोनवर बोलायचे आहे त्याच्याविरुद्ध शपथेवर वाईटसाईट लिहायचे. दुसरी वाट परस्पर संमतीची, १९७६ च्या दुरुस्तीने आलेल्या १३-ब कलमाची. दोघे किमान एक वर्ष वेगळे राहत असावेत आणि लग्न मिटवावे यावर दोघांचे एकमत असावे, एवढ्या बळावर एकत्र अर्ज करता येतो.

माझ्या आजीला, वय नव्वदीच्या पुढे, हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "पूर्वी काडीमोड व्हायचीच की गं." तिचे खरे आहे. आपल्याकडे अनेक जातींत काडीमोडीची रूढी जुनी आहे; बडोदा संस्थानात सयाजीराव गायकवाडांच्या काळात १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला, गोव्यात पोर्तुगीजांचा १९१० चा कायदा होता, आणि मुंबई प्रांताने संसदेच्या आधी, १९४७ साली, आपला हिंदू घटस्फोट कायदा केला होता. घटस्फोट हे शहरी आणि नव्या काळाचे खूळ आहे असे मानणाऱ्यांनी हा इतिहास पाहावा. पूर्वीच्या काडीमोडीत मुलाचे पुढे काय झाले, हे आजीला विचारले तर ती एवढेच म्हणाली की मूल बापाच्या घरी राही आणि आईचे तोंड पुन्हा त्याला दिसत नसे.

संमतीचे ठरल्यावर बहीण आणि तिचा नवरा यांनी अटींचा कच्चा मसुदा स्वतःच बसून तयार केला. सदनिका कोणाची, कर्जाचे हप्ते कोण भरणार, दागिने, एकरकमी पोटगी, गाडी, विम्याची पॉलिसी यांवर दोन पाने भरली होती आणि मुलीसाठी एक ओळ होती: ताबा आईकडे राहील व वडिलांना वाजवी भेटीची मुभा राहील. वकीलबाईंनी मसुदा वाचून परत केला. त्यांच्या मते भविष्यातली सगळी भांडणे त्या एका ओळीत दडलेली होती. पैशाचा व्यवहार एकदा पुरा झाला की संपतो, मुलीचा मात्र तिच्या अठराव्या वर्षापर्यंत दर आठवड्याला चालू राहतो. म्हणून पैशाला एक पान आणि मुलीला दोन, असे त्यांनी सुचवले.

त्यानंतरच्या बैठका मला फार शिकवून गेल्या. मेहुणे स्वतःचे वकील घेऊन येत, आणि दोन्ही वकील आपापल्या अशिलाला आवरत असत. शनिवार-रविवार दर आठवड्याला की एक आड एक? मुलगी शुक्रवारी शाळेतून थेट बाबाकडे जाईल की शनिवारी सकाळी? न्यायचे-आणायचे कोणी, आणि कुठून? इमारतीच्या फाटकाशी नको, कारण तिथे शेजारी उभे असतात. आमच्या आत्याचे घर दोघांना सोयीचे ठरले. आजारी पडली तर भेट रद्द होणार नाही, बाबा तिच्याजवळ येऊन बसेल. रोज संध्याकाळी साडेसातला फोन, आणि त्या वेळी आईने शेजारी उभे राहायचे नाही. मेहुण्यांच्या साताऱ्याच्या घरी पाच दिवसांचा गणपती असतो, त्यातले पहिले दोन दिवस मुलगी तिकडे, गौरी आमच्याकडे. दिवाळीचे लक्ष्मीपूजन एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे, भाऊबीज मात्र कायम आमच्या घरी, कारण तिचा एकुलता एक मामेभाऊ इथे आहे. उन्हाळ्याची सुट्टी निम्मी-निम्मी. स्नेहसंमेलनाला दोघांनी यायचे आणि एकमेकांशी नीट वागायचे. शाळा बदलायची असेल तर दोघांची लेखी संमती, शहर बदलायचे असेल तर साठ दिवस आधी सूचना.

मेहुण्यांच्या घरच्यांना आणखी एक अट हवी होती: आईने पुनर्विवाह केला तर ताबा आपोआप वडिलांकडे जावा. वकीलबाईंनी ती घालू दिली नाही. आईचा किंवा बापाचा पुनर्विवाह एवढे एकच कारण ताबा बदलायला पुरत नाही, त्या वेळी मुलीचे हित कशात आहे हे पाहावे लागेल, आणि ते आज कोणी लिहून ठेवू शकत नाही, असे त्या म्हणाल्या. मेहुण्यांच्या वकिलांनीही मान डोलावली. बहिणीला स्वतःची पोटगी नको होती, मानाचा प्रश्न होता तो. पण मुलीचा खर्च नको असे ती बोलू लागताच तिला थांबवण्यात आले. आईने स्वतःचा हक्क सोडला तरी मुलीचा सोडण्याचा अधिकार तिला नाही. मिळकत आणि देणी उघड करणारे शपथपत्र दोघांनी भरले. पोटगीच्या वादांत असे शपथपत्र सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० च्या रजनीश विरुद्ध नेहा या निकालाने बंधनकारक केले, आणि तो खटला मूळचा आपल्या नागपूरचा. पैशाचे बोलणे इथे संपले.

पासपोर्टावर मात्र बराच वेळ गेला. आमचे अर्धे गणगोत अमेरिकेत आणि युरोपात आहे, त्यामुळे तो प्रश्न कल्पनेतला नव्हता. मूल एका देशातून दुसऱ्या देशात परस्पर नेले तर ते परत पाठवण्यासंबंधीचा १९८० चा हेग करार आहे, पण भारत त्यात सामील नाही. परदेशी न्यायालयाचा ताब्याचा आदेश हाती असला तरी भारतातले न्यायालय मुलाचे हित स्वतः तपासते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली नित्या आनंद राघवन यांच्या प्रकरणात स्पष्ट केले. परदेशातल्या कितीतरी मराठी घरांत सुट्टीला म्हणून भारतात आलेले मूल परत गेलेलेच नाही, आणि मागे राहिलेला बाप किंवा आई दोन देशांतल्या न्यायालयांत हेलपाटे घालत आहे. म्हणून कलम असे लिहिले गेले: पासपोर्ट आईकडे राहील, आणि दोघांपैकी कोणीही दुसऱ्याच्या लेखी संमतीवाचून मुलीला देशाबाहेर नेणार नाही.

अर्ज शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात दाखल झाला. १९८४ च्या कायद्याने ही न्यायालये उभी राहिली, आणि त्या कायद्याचे नववे कलम न्यायाधीशांवर आधी समेटाचा प्रयत्न करण्याचे कर्तव्य टाकते. त्यामुळे पहिली गाठ विवाह समुपदेशकांशी पडली. त्यांनी दोघांना एकत्र आणि वेगवेगळे बसवून निर्णय दबावाखाली तर नाही ना हे पाहिले. याच कायद्यानुसार वकील हा तिथे पक्षकाराचा हक्क नसून न्यायालयाच्या परवानगीचा भाग आहे, याचे मला नवल वाटले.

पुकाऱ्याची वाट पाहत असताना मी मुलांच्या भेटीची खोली पाहिली. ज्या जोडप्यांत विश्वास उरलेला नाही त्यांच्या मुलांची दुसऱ्या पालकाशी भेट न्यायालयाच्या आवारातच होते. एक गृहस्थ डब्यात शिरा घेऊन आले होते आणि त्यांचा चारेक वर्षांचा मुलगा आईची ओढणी सोडत नव्हता. ते जमिनीवर बसले, डबा उघडून स्वतः एक घास खाल्ला आणि मुलाकडे न पाहता शिऱ्यातले बेदाणे डब्याच्या झाकणावर वेगळे काढू लागले. बऱ्याच वेळाने मुलगा येऊन एक बेदाणा उचलून परत गेला. त्या भेटीचा पुष्कळसा वेळ एवढ्यातच गेला होता. न्यायालयाची इमारत ही मुलाने बापाला भेटण्याची जागा नव्हे. समुपदेशक आणि खेळणी असलेली, पोलीस आणि काळे कोट नसलेली भेटकेंद्रे प्रत्येक जिल्ह्यात असली पाहिजेत आणि त्यांवर सरकारने खर्च केला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. आईने किंवा बापाने मुलाच्या मनात दुसऱ्याविषयी विष कालवणे किती घातक आहे, याची चर्चा सर्वोच्च न्यायालयाने विवेक सिंग यांच्या २०१७ च्या प्रकरणात केली आहे, आणि २०२० साली यशिता साहू यांच्या प्रकरणात मुलाला दोन्ही पालकांच्या मायेचा हक्क आहे असे म्हटले आहे. पण ओढणी धरून बसलेल्या मुलाला तो हक्क मिळण्यासाठी एक बरी खोलीही लागते.

१३-ब कलमात अर्ज दाखल झाल्यापासून सहा महिने थांबण्याची तरतूद आहे. दोघे दीड वर्षाहून अधिक काळ वेगळे राहत असतील, समेटाचे प्रयत्न संपले असतील आणि ताबा-पोटगी ठरलेली असेल तर न्यायालय ही मुदत माफ करू शकते, असा सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१७ चा अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर हा निकाल आहे. बहुतेक लोक माफीचा अर्ज करतात. वकीलबाईंनी उलट सुचवले: मुदत घ्या आणि अर्जातली मुलीची कलमे या सहा महिन्यांत जगून पाहा. मला हा त्यांचा सर्वांत शहाणा सल्ला वाटतो. कागदावर सुरेख दिसणाऱ्या अटींतल्या दोन मोडल्या. शुक्रवारी शाळेतून थेट बाबाकडे गेलेली मुलगी रात्री दमून रडायची, म्हणून भेट शनिवारी सकाळी दहाला सुरू करावी लागली. आणि साडेसातचा फोन बाबाच्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये अडकायचा, तो सव्वाआठवर गेला. उलट, रात्रीची गोष्ट फोनवर सांगण्याची नवी पद्धत बापलेकीने आपली आपण काढली आणि ती कलमात जोडली गेली. पुढच्या तारखेला सुधारित अटी पुरसिससह, म्हणजे न्यायालयाला दिलेल्या लेखी निवेदनासह, दाखल झाल्या, दोघांनी शपथेवर संमती कायम असल्याचे सांगितले आणि घटस्फोटाचा हुकूमनामा मिळाला. संमती शेवटपर्यंत टिकावी लागते. हुकूमनाम्यापूर्वी कोणीही ती मागे घेऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सुरेष्टा देवी यांच्या प्रकरणात सांगितले आहे, आणि त्या धाकधुकीने बहिणीने ते महिने काढले होते.

भाचीला काय आणि कसे सांगायचे हे समुपदेशकांनी दोघांना समजावले होते: दोघांनी एकत्र बसून, तिच्यामुळे काहीही झालेले नाही हे आधी आणि पुन्हापुन्हा, आणि तुला कोणाकडे राहायचे आहे हा प्रश्न मुळीच नाही. १८९० च्या कायद्यात समज आलेल्या मुलाची पसंती न्यायालय विचारात घेऊ शकते, आणि न्यायाधीश अशा मुलाशी आपल्या दालनात बोलतातही. पण सहा वर्षांच्या मुलीला घरातल्या मोठ्यांनी तो प्रश्न विचारणे म्हणजे तिच्या गळ्यात आपले भांडण अडकवणे. आमच्याकडे एका मावशीआजींनी विचारलाच. बहिणीने त्यांना त्याच क्षणी, सगळ्यांसमोर थांबवले.

ताब्याचा आदेश कधीच अखेरचा नसतो. हिंदू विवाह अधिनियमाच्या सव्विसाव्या कलमाखाली परिस्थिती बदलली की तो बदलून मागता येतो. पुढे मेहुण्यांची हैदराबादला बदली झाली तेव्हा दोघे पुन्हा त्याच वकीलबाईंच्या कार्यालयात बसले, एक आड एक शनिवार-रविवारऐवजी महिन्यातून एक मोठा मुक्काम आणि उन्हाळ्याच्या सुट्टीचा दोन-तृतीयांश भाग असे ठरले, प्रवासखर्च बाबाकडे गेला, आणि बदललेल्या अटींवर न्यायालयाची मोहोर घेतली. त्या आदेशाच्या नकला आता शाळेच्या कार्यालयात आणि पासपोर्टच्या फाइलमध्ये आहेत. भाची बारा वर्षांची झाल्यावर सुट्ट्यांची वाटणी तिला विचारून नव्याने करायची, असे शेवटचे कलम त्यात आहे, आणि ते मेहुण्यांनी सुचवले.